सावज

आमच्या क्लासमधल्या एकुलत्या एक रंगीत मॉनिटरवर आदिमानव जिवाच्या आकांताने पळत होता आणि त्याच्या मागे लांब सुळ्यांचा वाघ लागला होता. अमरेलीकडचा एक मुलगा खुर्चीवरून अर्धा उठून ओरडला, "भाग, सावज आव्यो!" मी चमकलो. आपल्याकडे सावज म्हणजे ज्याची शिकार व्हायची तो. गीरच्या आसपासच्या बोलीत सावज म्हणजे सिंह, शिकार करणारा. एकाच शब्दाच्या दोन टोकांना आम्ही दोघं उभे होतो. मी पुढे पळणाऱ्याकडे बघत होतो, तो मागून येणाऱ्याकडे. या मुलांना काय शिकवायचं आणि कसं, याचा विचार मी त्या रात्रीपासून वेगळ्या पद्धतीने करू लागलो.

हे 1993 सालचं. कतारगाम दरवाजाकडून गोतालावाडीच्या बाजूला जाताना एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हा कॉम्प्युटर क्लास होता. मी अमळनेरचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला आलो, कारण आमच्या खानदेशातल्या माणसाला नोकरी म्हटली की आधी सुरत आठवते. राहायला उधन्याला, मामांच्या खोलीत. तिथून रोज सायकलने रिंग रोड धरून कतारगाम. उधना-लिंबायतकडे निम्मी वस्ती आपली, भाजीवालीशीही अहिराणीत बोलता येई. कतारगाममध्ये मात्र सगळं काठियावाडी. भावनगर, अमरेली, जुनागढकडून आलेली पटेलांची घरं, आणि रस्त्यात प्रत्येक चौथ्या इमारतीत हिऱ्याचा कारखाना. तेव्हा मधूनमधून शेतंही शिल्लक होती. उंधियूत पडते ती कतारगामची पापडी थंडीत दारावर विकायला येई. आता त्या शेतांवर अपार्टमेंट उभी आहेत.

क्लासमध्ये पाच मशीन. चार एक्सटी, काळ्यावर हिरवी अक्षरं दाखवणाऱ्या, आणि एक 286, रंगीत पडद्याची. चपला बाहेर काढायच्या, कारण आत एसी होता आणि धुळीची भीती. शिकवायचं काय, तर डॉस, वर्डस्टार, लोटस वन-टू-थ्री आणि डीबेस. सकाळी कॉलेजची मुलं येत, दुपारी दोन-चार मुली, आणि रात्री आठनंतर कारखान्यातून सुटलेले रत्नकलाकार. बाहेरचे लोक त्यांना हिराघसू म्हणतात. मी तो शब्द वापरत नाही.

ही रात्रीची तुकडी अठरा ते पंचवीस वर्षांची. बरीचशी मुलं सौराष्ट्रात 1985 ते 87 असा सलग दुष्काळ पडला तेव्हा शाळा सोडून काकाच्या, मेव्हण्याच्या आधाराने आलेली. दिवसभर घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या यंत्रावर, बसायचं. एका घंटीभोवती चौघं, मध्ये फिरणारी तबकडी, म्हणजे सरण, तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड. हिरा हत्यारात धरून सरणीवर टेकवायचा, उचलायचा, आयग्लास डोळ्याला लावून बघायचा, पुन्हा टेकवायचा. कोणी तळियां, म्हणजे हिऱ्याची खालची बाजू, करणारा, कोणी मथाळां, म्हणजे वरची. गोल हिऱ्याचे 57 पैलू असे अनेक हातांतून फिरत पुरे होतात. मजुरी नगावर. एक पैलू जास्त घासला गेला तर वजन जातं, आणि वजन गेलं की कोणाच्या हातून गेलं हे पडिक्यावर, म्हणजे हिऱ्याच्या कागदी पुडीवर, लिहिलेलं असतं.

अशी मुलं कीबोर्डसमोर बसली की दगड होत. एक बोट पुढे करत, कळेच्या वर अर्धा इंच थांबत आणि माझ्या तोंडाकडे बघत. "साहेब, दबावुं?" मी म्हणायचो, दाब, काही बिघडत नाही. त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांच्या कामात चुकीची किंमत रोज मोजली जात होती, आणि मी त्यांना सांगत होतो की चूक फुकट आहे. कोण मानेल? तीन महिने झाले तरी निम्म्यांना फाइल कॉपी करता येत नव्हती. फी मात्र सगळे वेळेवर भरत, नोटांना तेलाचा वास असे.

त्याच सुमारास माझा एक मित्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सव्वापाच इंची दोन फ्लॉपी घेऊन आला. वर पेनाने लिहिलं होतं 'केव्ह'. नक्कलच होती. विकत घेतलेला खेळ तोवर मी डोळ्याने पाहिला नव्हता. खेळाचं नाव 'केव्हमन अग्लिंपिक्स'. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या डायनॅमिक्स या कंपनीने तो 1988 मध्ये केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बाजारात आणला. पुढे 1993 मध्ये 'द इनक्रेडिबल मशीन' हा दोऱ्या-कप्प्यांचा नामी खेळ काढला तो याच डायनॅमिक्सने. त्या दशकात एपिक्स कंपनीचे 'समर गेम्स' आणि 'विंटर गेम्स' कमोडोर 64 वर फार चालत, धावणं, उड्या, बर्फावरून घसरणं असे. अग्लिंपिक्स म्हणजे त्या ऑलिंपिकची अश्मयुगातली थट्टा. कातडी गुंडाळलेले, हातात दांडकं घेतलेले रानटी स्पर्धक आणि सहा खेळ. वाघापुढे पळणं, जोडीदाराला गरगर फिरवून भिरकावणं, आग पेटवणं, कड्यावरची दांडकेबाजी, डायनासोरवर बसून शर्यत, आणि भुकेल्या डायनासोरच्या डोक्यावरून बांबूउडी.

मी तो क्लासमध्ये लावला तो स्वतःसाठी, रात्री नऊनंतर. पण दाराशी चपला घालणारी मुलं परत आत आली, आणि सावज ओरडणारा मुलगा त्यांतलाच. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण पडद्यावर काय चाललंय ते त्याला माझ्याआधी कळलं. वाघ मागे आहे, पळायचं आहे, शेजारचा पळणारा मध्ये येतोय. तो कीबोर्डवर बसला. दुसऱ्याच्या हातात मी जॉयस्टिक दिली. तीन महिने कळेच्या वर थांबणारं बोट पहिल्यांदा खाली आलं. त्याला वाघाने खाल्लं. तो हसला, आणि कोणालाही न विचारता पुन्हा कळ दाबली. ते 'न विचारता' मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला: शेवटची वीस मिनिटं आदिमानव. मात्र फ्लॉपी ज्याने त्याने स्वतः घालायची, डिरेक्टरी बघायची, खेळ हार्ड डिस्कवर कॉपी करायचा, स्वतः सुरू करायचा आणि जाताना पुसून टाकायचा. रोज कॉपी, रोज पुसणं. डीआयआर, सीडी, कॉपी, डेल. पंधरा दिवसांत अख्ख्या तुकडीला हे चार हुकूम तोंडपाठ झाले. फ्लॉपीच्या उघड्या भागाला बोट लावू नका हे मी आधी शंभरदा सांगितलं होतं. आता तेच एकमेकांना दटावू लागले, कारण फ्लॉपी गेली तर वाघ जाणार होता.

एक खेळ मी बंद ठेवला, जोडीदाराला भिरकावण्याचा. थट्टा म्हणून केलेला असला तरी मला तो बघवत नसे. त्या मुलांपैकी काहींची नुकती लग्नं झाली होती, बायका गावी, आणि तो खेळ लागला की खोलीतलं हसणं वेगळ्या जातीचं होई. मी एकदाच सांगितलं की हा इथे लागणार नाही. कोणी का विचारलं नाही.

सगळ्यांत जास्त खेळला गेला तो आगीचा. दोन आदिमानव शेजारी शेजारी बसतात. लाकडावर काडी घासायची, धूर दिसू लागला की फुंकर घालायची, पुन्हा घासायची. मध्येच शेजारचा दांडकं उचलून डोक्यात घालतो, त्याच्याकडेही लक्ष ठेवायचं. ज्याची आग आधी पेटेल तो जिंकला. कॉलेजची मुलं सकाळी हा खेळ खेळत तेव्हा हाणामारीच चाले. दोघं एकमेकांना दांडकं घालत राहत, आग कोणाचीच पेटत नसे. रात्रीच्या तुकडीत उलट होतं. घासणारा घासत राही. नजर धुरावर. दांडकं बसलं तर डोकं सावरून पुन्हा काडीकडे. मी एकाला विचारलं, तू मारत का नाहीस? तो म्हणाला, "साहेब, एटली वारमां तो माल ठरी जाय." तेवढ्या वेळात माल थंड होतो.

मग मी त्याच्या हाताकडे नीट बघू लागलो. उजव्या अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी इतकी घासून गेली होती की दिव्याखाली चमकत होती, नखाच्या कडेला करड्या तेलाची बारीक रेघ, साबणाने न जाणारी. जॉयस्टिक तो मुठीत आवळत नव्हता. चिमटीत धरत होता, वरच्या टोकाला, आणि हलवताना खांदा स्थिर, मनगटही जवळजवळ स्थिर. बाकीचे टेबल हलवून सोडत. याच्या समोरच्या ग्लासातलं पाणीसुद्धा हलत नसे. त्याने मला समजावलं की हिरा सरणीवर टेकवला की जोर द्यायचा नसतो, ऐकायचं असतं. दगडाची नस चुकली तर आवाज बदलतो. दाबणारा नवा, ऐकणारा कारीगर. त्याची आग कायम पहिली पेटे.

जॉयस्टिकची दुरुस्ती माझ्याकडे. पीसीची जॉयस्टिक म्हणजे आत दोन पोटेन्शिओमीटर, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली की पडद्यावरचा माणूस उभ्या जागी थरथरायला लागतो. दर रविवारी मी ती उघडायचो, स्पिरिटच्या बोळ्याने पट्टी पुसायचो, स्प्रिंग ताणून बसवायचो. बोळा काळाकरडा निघे. हिऱ्याच्या पुडीचं तेल हातांवरून कळांवर, कळांवरून जॉयस्टिकच्या दांड्यावर आणि तिथून आत. पहिल्या वेळी मी वैतागलो. नंतर तो बोळा बघितल्याशिवाय आठवडा झाल्यासारखं वाटेना. ही माणसं माझ्या मशीनपर्यंत पोचली आहेत याची ती खूण होती.

क्लास चालवणाऱ्यांना हे कळलं तेव्हा अर्थातच मला बोलावणं आलं. पालकांनी पैसे खेळायला दिले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. यांना पालक कुठले, हे स्वतःच्या घामाचे पैसे भरतात, असं मी म्हणालो. खेळ पुसून टाकायची तंबी मिळाली. मी रोज पुसतच होतो. रोज पुन्हा कॉपी होत होता. खोटं बोलावं लागलं नाही, पण पोटात गोळा असायचा, कारण नोकरी गेली असती तर मामांना काय सांगणार होतो?

मग सप्टेंबर 1994. गणपती विसर्जन झालं आणि वेड रोडवरून बातमी आली, प्लेग. वेड रोड आमच्या क्लासपासून चालत जायच्या अंतरावर. औषधांच्या दुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या बघता बघता संपल्या. काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून निघाली. मीही तोंडाला ओला रुमाल बांधून भुसावळकडच्या गाडीत शिरलो. अमळनेरला पोचल्यावर गल्लीतल्या लोकांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही.

परत आलो तेव्हा कतारगाममध्ये घंट्यांचा आवाज नव्हता. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. बरेच कारखाने दिवाळीनंतरच उघडले. क्लासच्या जिन्यावर पावलं वाजली ती पहिल्यांदा रात्री साडेआठला. दोघं जण आले होते, आग पहिली पेटवणारा आणि आणखी एक. कुठे होता, घरचे बरे आहेत ना, एवढं विचारून झालं. मग तो म्हणाला, साहेब, आदिमानव आहे ना? फ्लॉपी कपाटात होती, आतलं पाकीट दमट झालेलं. ती पंख्याखाली धरली, घातली, ड्राइव्ह कुरकुरला आणि चालला. त्या रात्री त्या दोघांनी फक्त आग पेटवली, पुन्हा पुन्हा, आणि दांडकं एकदाही उचललं नाही. खालच्या रस्त्यावर चुन्याची पावडर पसरलेली होती, तिचा वास खिडकीतून वर येत होता.

1995 मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी शहर धुऊन काढलं, ती कथा सगळ्यांना माहीत आहे. मी 1997 पर्यंत त्या क्लासमध्ये होतो. मग शेजारच्याच गल्लीत दुरुस्तीचं स्वतःचं दुकान टाकलं, ते अजून आहे. हिऱ्याच्या कारखान्यांत याच काळात संगणक शिरू लागला. कच्चा हिरा मशीनमध्ये ठेवायचा, तो फिरतो, त्याचा आकार पडद्यावर येतो आणि कुठून कापला तर वजन जास्त राहील ते मशीन सांगतं. इस्रायलच्या सरीन कंपनीची ही मशीन, म्हणून इथे त्या कामालाच सरीन म्हणतात. जुने कारीगर त्या पडद्याजवळ जायला तयार नव्हते. माझ्या रात्रीच्या तुकडीतले सात जण मला माहीत आहेत, जे पहिल्या फेरीत सरीनवर बसले. डीबेस त्यांतल्या एकालाही आलं नव्हतं. लोटसही बेताचं. पण पडद्यावरच्या गोष्टीला हात लावायची भीती त्यांची गेली होती, आणि ती कुठे गेली ते मी बघितलं आहे. म्हणून मी ठामपणे म्हणतो की माझ्या अभ्यासक्रमापेक्षा त्या रानटी ऑलिंपिकने जास्त शिकवलं. आमच्या धंद्यात अजूनही शिकवणारे पहिल्या दिवशी सांगतात, याला हात लावू नका, ते उघडू नका. घंटीवर बसणाऱ्या मुलाला हे सांगायची गरज नसते. त्याला उलटं सांगावं लागतं.

2006 च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला. उकाई धरणातून पाणी सुटलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. माझं दुकान तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर गुडघाभर चिखल, गिऱ्हाइकांचे सीपीयू आडवे पडलेले. मदरबोर्ड धुऊन, उन्हात वाळवून काही वाचवले. फ्लॉपीचा डबा मात्र फुगून उघडला होता, आतल्या चकत्यांवर गाळाचा थर. 'केव्ह' लिहिलेली फ्लॉपी मी नळाखाली धरून बघितली. पेनाची शाई तेवढी टिकली होती.

काही वर्षांनी माझ्या मुलाने डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम टाकून दिला. तो आजच्या मशीनमध्ये जुन्या डॉसचं सोंग उभं करतो. जुन्या खेळांच्या संग्रहातून त्याने अग्लिंपिक्सही शोधून काढला. आवाज तसाच, पीसीच्या आतल्या स्पीकरची ती किर्रर. मी दुकानात मागच्या टेबलावर एक जुना मॉनिटर आणि दोन जॉयस्टिक कायमच्या लावून ठेवल्या.

हिऱ्याला गेली दोन-तीन वर्षं पुन्हा मंदी आहे. लॅबमध्ये बनवलेला हिरा आला, परदेशातली मागणी उतरली, कारखाने मोठमोठ्या सुट्ट्या देतात. डिसेंबर 2023 मध्ये सुरतेतल्या खजोदला हिऱ्याच्या व्यापाराचं एवढं मोठं डायमंड बोर्स उघडलं, पण कतारगामच्या गल्लीत कामाचे तास घटत होते. अशाच एका सुट्टीच्या दुपारी तो आला, आग पहिली पेटवणारा. पन्नाशीला टेकलाय. बरोबर मुलगी, बारावीतली, तिचा लॅपटॉप दुरुस्तीला. मागचं टेबल त्याला दिसलं. काही न बोलता बसला. मुलीला दुसरी जॉयस्टिक दिली.

मुलीने आधी त्याच्या डोक्यात दांडकं घातलं, दोनदा, आणि खळखळून हसली. त्याने मान वळवली नाही. चिमटीत दांडा, खांदा स्थिर. धूर आला, त्याने फुंकलं, पुन्हा घासलं. आग पेटली. मुलगी म्हणाली, "पप्पा, केवी रीते?" तो तिला सांगू लागला, दाबू नको, बघ, धूर काय म्हणतो ते बघ. मग वाघाची शर्यत लावली. वाघ दिसल्याबरोबर बाप ओरडला, "भाग, सावज!" आणि दोघंही पळाले. मुलगी पुढे गेली, वाघाने बापाला धरलं. त्याने लगेच कळ दाबली, पुन्हा.

लॅपटॉपचा हिंज तुटला होता, तो मी त्या दिवशीच बसवून दिला. पैसे घेतले. त्याने द्यायचा आग्रह केला आणि मंदीतही त्याला फुकट काही नको होतं, हे मला मान्य होतं.

आता वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी जुन्या फ्लॉपी पडल्या असतील. क्लासच्या असतील, खेळांच्या असतील, कोणाच्या पहिल्या पत्राच्या असतील. त्या रद्दीत देऊ नका आणि पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, चकतीवर बुरशी धरते आणि मग काही उरत नाही. जवळच्या जुन्या दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि उतरवून घ्या. सव्वापाच इंचीचा एक ड्राइव्ह माझ्याकडे अजून चालू आहे.